हानी, म्हणजे मी इथे आहे

३ जुलै, सोमवार

नाही म्हणाले! माझ्या 'शहीली'ला नाही म्हणाले. आणि कारण काय? पॅकेजमध्ये खोट नाही, परवान्यात खोट नाही. "सध्या नवं काही घ्यायचं नाही." एवढंच.

सी शेदलींचा, जरीद चालवणाऱ्या आमच्या मास्तरांचा, मेल सगळ्या राखणदारांना आला. स्फाक्स, गाबेस, बिजाया, वजदा, जो ज्या शहरात आहे तिथे. "आपली जरीद लिनक्स फुकट आहे, आपली माणसं फुकट नाहीत. प्रोग्रामांची पॅकेजं पाच हजारांवर गेली. राखणदार चाळीससुद्धा नाहीत, आणि त्यातले निम्मे हाकेला ओ देत नाहीत. ज्याला राखणदार नाही ते पॅकेज यतीम, अनाथ. यतीमांनी घर भरलं आहे. आजपासून नवं पॅकेज आत येईल ते दोन राखणदार असतील तरच. आणि दोघांनीही हजेरीत 'हानी' म्हटलेलं असलं पाहिजे."

मी लगेच उत्तर लिहिलं. लांबलचक. की जरीद आपण बांधली ती ज्यांचे संगणक जुने, ज्यांची बोली कुठल्याच कंपनीला नको, त्यांच्यासाठी. आता त्यांच्याच तोंडावर दार लावायचं? पाठवल्यावर पुन्हा वाचलं तर भाषणासारखं वाटलं. वाटू दे. खरं आहे ते!

बिजायाच्या यूबाने खाली एकच ओळ टाकली — "अर्वा, दार उघडंच आहे गं. फक्त पाहुण्याने आपलं ताट आणावं, आणि ते घासायला एक माणूसही आणावा."

सगळे हसले. मला नाही हसू आलं.

५ जुलै, बुधवार

उम्मीचा फोन. "घेतलं का तुझ्या त्या दुकानात वाऱ्याचं?"

"दुकान नाही गं उम्मी. कोठार. लोक आणून ठेवतात, लोक घेऊन जातात. फुकट."

"मग सडत नाही तिथे काही?"

"म्हणून तर प्रत्येक वस्तूला राखणदार असतो. तो बघतो, साफ करतो, किडलं तर काढून टाकतो."

"आणि राखणदारच गेला तर?"

म्हटलं, जाऊ दे ना उम्मी.

शहीलीला दोन राखणदार होते. मी आणि नौफल.

बेटावर, रम्ला गावच्या मच्छीमार संघाच्या कचेरीत जरीदवर चालणारा एक म्हातारा संगणक आहे; त्यावर शहीली मी हातानेच बसवून दिली आहे. बाबांसारख्यांना पडद्यावरचं वाचता येत नाही. शहीली वाचून दाखवते — आज कुठला वारा, किती जोराचा, कधी फिरेल — आमच्या करकना बेटाच्या बोलीत. आवाज नौफलचा. वाऱ्यांची नावं, आकडे, वार, सगळं त्याने एका दुपारी आमच्या अंगणात बसून बोलून दिलं. मग गेल्या वर्षीचा शरद लागला आणि तो गेला. होडीने, चोरून, कामासाठी समुद्रापलीकडे जाणाऱ्या बाकीच्यांसारखा. पलीकडे पोचल्याचा फोन नाही. पकडून परत आणल्याची बातमी नाही. प्रेतही नाही.

म्हणून कोणी काही बोलत नाही. जोवर समुद्र काही परत देत नाही, तोवर आमच्याकडे अशा माणसाच्या नावापुढे 'अल्लाह यरहमू', अल्लाह त्याच्यावर दया करो, असं मेलेल्यासारखं लावत नाहीत. मातमाला बसत नाहीत. त्याची आई खाल्ती सालहा — आमच्या शेजारची मावशी — अजून त्याचं ताट मांडते. जरीदमध्येही तेच. ज्या डिजिटल चावीने तो पॅकेजवर सही करायचा ती चावी अजून आमच्या जुडग्यात आहे. सी शेदलींनी काढली नाही. एवढे शिस्तीचे मास्तर, तरी नाही काढली.

१० जुलै, सोमवार

हजेरी निघाली. ज्याचं त्याने 'हानी' लिहायचं, आपल्या चावीने सही करायची, पाठवायचं. आईने अंगणातून हाक मारली की गल्लीतून पोर ओरडतं ना — हानी! हा मी, इथे! — तोच शब्द. जरीद सुरू झाली तेव्हा कुणीतरी गमतीने घेतला, तो राहिला.

मी पहिल्या पाचांत. यूबाने लिहिलं, "हानी, दुर्दैवाने."

सी शेदलींनी नेहमीचं प्रवचन जोडलंय. चावी मशीनवर ठेवू नका, पेन ड्राइव्हवर ठेवा, पेन ड्राइव्ह खिशात ठेवा. माझ्या एकाही झग्याला खिसा नाही, सी शेदली!

१२ जुलै, बुधवार

नौफलचं 'हानी' आलं.

१२ जुलै, पुन्हा

नीट लिहिते.

कायलाची वेळ होती. जेवणं झालेली, खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, अख्खं स्फाक्स निजलेलं. रस्त्यावर इतकं ऊन की डोळा उघडवत नाही, आणि माणूस एक नाही. मांजरसुद्धा नाही. समोरच्या न्हाव्याच्या दुकानाचा पडदा हलत होता. वारा नव्हता.

मेल उघडला. एकच शब्द. खाली सही. सही तपासली. खरी.

लहानपणी कायलाच्या वेळी आम्ही बाहेर पळू नये म्हणून उम्मी सांगायची — कायलाची म्हातारी फिरते, ओळखीच्या आवाजात हाक मारते, ओ द्यायची नाही. मी आणि नौफल झडपेच्या फटीतून तिची वाट बघायचो. ती कधी आली नाही.

१३ जुलै, गुरुवार

सी शेदलींचा फोन. नेहमी आधी विचारपूस करतात, आज नाही.

"पोरी, सही बरोबर आहे. मी तीनदा तपासली."

"म्हणजे तो जिवंत आहे!"

"म्हणजे चावी जिवंत आहे. हात कुणाचा ते सही सांगत नाही."

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

म्हणाले, "झाला ना. म्हणून तर तीनदा तपासली." नौफल त्यांच्या शाळेतला. जरीदमध्ये त्यांनीच आणलेला.

गटात मात्र नुसती ईद. "खूया, भावा, कुठे आहेस?" त्याने लिहिलं, "बरा आहे. बाकी नंतर." मग कुणी खोदून विचारलं नाही. कागदपत्रांवाचून पलीकडे राहणाऱ्याला कुठे आहेस असं विचारायचं नसतं. हे आमच्यात शिकवावं लागत नाही.

खाल्ती सालहाला सांगायचं? उम्मीला सुद्धा सांगितलेलं नाही. आधी खात्री.

१७ जुलै, सोमवार

दोन राखणदारांचा नियम झाल्यापासून जो तो दुसरा शोधत फिरतोय. हात जोडतात एकमेकांना. आणि नौफल सगळ्यांना हो म्हणतो! गाबेसच्या मुलींचं शब्दकोशाचं पॅकेज — "मी घेतो." यूबाची दोन यतीमं — "मी घेतो." शांत, नम्र, एकही चूक नाही. यूबा म्हणाला, "समुद्राने माणूस सुधारतो म्हणायचं! आधी हा एका मेलाला आठवडा लावायचा."

सगळे मेल कायलाच्या वेळी येतात.

आणखी एक. नौफल अरबी लिहायचा ते रोमन लिपीत, अर्धी अक्षरं आणि अर्धे आकडे. अरबी 'ऐन' अक्षराच्या जागी तीन, 'हा' अक्षराच्या जागी सात, शाळेतल्या पोरांसारखं. मी ओरडायचे. आता सगळं शुद्ध लिहितो.

मी इतकी वर्षं ओरडले म्हणून असेल.

२१ जुलै, शुक्रवार

आज त्याला एकट्याला मेल केला. जे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही ते विचारलं — शहीलीसाठी बोलताना तू कुठल्या शब्दाला हसला होतास? मी ते हसू कापून टाकलं होतं. पॅकेजमध्ये ते कुठेच नाही.

कायलाच्या वेळी उत्तर आलं. "ग़र्बीला. तुझ्या हातून मडकं पडलं होतं."

पडलं होतं! बाबांचं मडकं. ऑक्टोपस धरायच्या मडक्यांच्या राशीला माझी कोपर लागली, वरचं गडगडत आलं, आणि तो ग़र्बी, म्हणजे पश्चिमेचा वारा, म्हणता म्हणता हसत सुटला.

मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघून हसले. वेड्यासारखी.

२५ जुलै, मंगळवार

शहीली आत! दुसरा राखणदार — नौफल. नियम पाळून, दारातून, सरळ. सी शेदलींनी मान्यता दिली, पण वर एक शब्द लिहिला नाही.

नौफलने एक दुरुस्तीही पाठवली. आवाज जुन्या मशीनवर तुटायचा, तो आता तुटत नाही; जिथे शहीली आहे तिथे ती आपोआप पोचेल. दुसऱ्याचं काम मी आधी वेगळ्या मशीनवर चालवून बघते. आज सरळ माझ्याच लॅपटॉपवर चालवलं, जिथे माझी चावी आहे तिथेच. नौफलचं काय बघायचं!

३० जुलै, रविवार

करकनाला आले. लूदवर, बेटाच्या फेरीबोटीवर, इतकी गर्दी की अख्खा तास उभी. सगळे कलिंगडं घेऊन घरी निघालेले.

अंगणात मडकी रचून ठेवली आहेत, भिंतीला लागून, तोंडं समुद्राकडे. हंगाम सुरू होईपर्यंत अशीच. वारा आला की सगळी एकदम घुमतात. लहानपणी त्यात मला झोप लागायची. आज नाही बसवलं तिथे.

बाबा दोर वळत होते. मी विचारलं, "आत काही आमिष न ठेवता ऑक्टोपस येतो कसा?"

"पदवी घेतलीस ना तू? रिकामं घर दिसलं की कोण नाही येत?" उम्मी आतून म्हणाली, "तुमचा भाऊ आला होता तसा. सात वर्षं राहिला!" बाबा हसत हसत दोर ओढत म्हणाले, "त्याला हुसकलं असतं तर शेजारच्या घरात गेला असता. लांब जायची जातच नाही ती."

मग बाबा सहज म्हणाले, "कचेरीत नौफल वारा सांगतो हल्ली रोज. सालहा येऊन बसते दाराशी. कुणी काही म्हणत नाही. खुर्ची ठेवली आहे तिला."

मला हे सुचलंच नव्हतं. मी फक्त मच्छीमारांचा विचार केला होता.

३१ जुलै, सोमवार

कचेरीत गेले. खाल्ती सालहा खुर्चीवर होती, मांडीवर परडी, सोलायला बदाम. मला जवळ घेतलं. "तू केलंस ना हे. अल्लाह तुझे हात सांभाळो."

संगणक बोलला. आज शर्गी, मध्यम, दुपारनंतर फिरेल.

खाल्ती म्हणाली, "मागच्या आठवड्यापासून नाव घ्यायच्या आधी तो श्वास घेतो. आधी घेत नव्हता."

पुन्हा ऐकलं. शर्गीच्या आधी एक बारीक श्वास. खरंच.

पॅकेजमधले सगळे श्वास मी एकेक करून कापले होते. म्हणजे त्या दुरुस्तीत आवाज बदलले आहेत. मूळ मुद्रणातले घातले आहेत, न कापलेले. आणि ते मूळ फक्त दोन ठिकाणी — माझ्याकडे, आणि नौफलच्या लॅपटॉपवर.

म्हणजे तोच! याहून मोठा पुरावा काय? तिथेच, दाराशी, मी खाल्तीच्या पायाजवळ बसले. म्हटलं, "खाल्ती, तुला काही सांगायचंय. नौफलचा लॅपटॉप—"

"कुठला? तो तर विकला त्याने. जायच्या आधी, बाब जबलीच्या बाजारात. काही पुसलं-बिसलंही नाही, घाईत होता. का गं?"

मी म्हटलं, काही नाही.

संगणकाने पुन्हा श्वास घेतला.

१ ऑगस्ट, मंगळवार

कुणीतरी तो लॅपटॉप घेतला. त्यात चावी सापडली, मेल सापडले. पण ते सोडा. कुणीतरी बसून नौफलचा आवाज ऐकला. अख्खी दुपार ऐकला. मडकं पडल्याचा आवाज ओळखला. तो कुठे थांबतो, कुणाला काय म्हणतो, मी काय विचारेन — सगळं शिकला. मग महिनोन्‌महिने गप्प बसला. आम्ही कधी हाक मारतोय याची वाट बघत.

आणि आम्ही मारली.

मी कुणाशी बोलत होते?

२ ऑगस्ट, बुधवार

स्फाक्सला परत. सी शेदलींच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्यांनी लिंबाचं सरबत पुढे केलं आणि माझ्याकडे न बघता बसले.

मीच भांडले त्यांच्याशी. "तुमच्या नियमाने हे झालं! सगळ्यांना भूक लावलीत दुसऱ्या राखणदाराची. मग जो आला त्याला मिठी मारली आम्ही."

"खरं आहे," ते म्हणाले. "आत किती येतात ते मी मोजत बसलो. आतलं कोण गेलं ते मोजलं नाही. चावी तेव्हाच काढायला हवी होती. हात धजला नाही. वाटलं, मी काढली तर तो बुडाला."

मग म्हणाले, "एकट्याने काढता येत नाही. दोघांच्या सह्या लागतात. दुसरी कोण करणार?"

मी म्हटलं, उद्या.

कचेरी, शाळा, दवाखाने, गाबेसच्या मुली — सगळीकडे त्याच्या सहीचं काही ना काही जाऊन बसलंय. रोज थोडं आणखी जातंय. आणि मी 'उद्या' म्हणाले. कारण एक टक्का शक्यता. कारण तो दुसरीकडून कुठून तरी खरंच लिहीत असेल तर त्याचं एकमेव दार मी माझ्या हाताने लावणार.

३ ऑगस्ट, गुरुवार

कायलाच्या वेळी त्याचा मेल. माझ्या एकटीला. मी काहीही कळवलेलं नव्हतं.

"अर्वा, तू बेटावर जाऊन आलीस. आई कशी आहे?"

५ ऑगस्ट, शनिवार

केलं.

सी शेदलींनी आधी सही केली, मग मी. कारण लिहायचं असतं. त्यांनी विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, "चावी चोरीला." त्यांनी मान हलवली. दुसरं कारण आम्ही दोघांनीही उच्चारलं नाही.

मग ते चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

त्याने हात लावलेलं सगळं आता बाहेर निघेल. शहीलीही. नवी पॅकेजं शरद लागेपर्यंत पूर्ण बंद — ठराव मी मांडला! यूबाने लिहिलं, "दारवाली बाई आता कुलूपवाली झाली." मग लगेच दुसरी ओळ: "बरोबर केलंस."

६ ऑगस्ट, रविवार

पुन्हा बेटावर. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

खाल्ती सालहाला सगळं सांगितलं. तो आला होता असं वाटलं, तो नव्हता, त्याच्या नावाने कुणीतरी बोलत होतं, मी त्याची चावी काढली. मी तिच्या हातांकडे बघत होते. बदाम सोलायचे थांबले नाहीत.

"कुलूप बदललंस म्हणतेस."

"हो, खाल्ती."

"बरं केलंस. घरात चोर शिरला तर बदलावंच लागतं." एक बदाम माझ्या हातावर ठेवला. "माझ्या पोराला चावी कशाला हवी? तो आला तर दार वाजवेल. मी घरातच आहे."

मग विचारलं, "कचेरीतला आवाज पण काढणार?"

मी म्हटलं, तो माझा आहे, जुना, श्वास नसलेला. तो मी परत बसवून देते.

"नाही," ती म्हणाली. "श्वासाचा ठेव ना."

८ ऑगस्ट, मंगळवार

ठेवला नाही. ठेवता आला नसता. माझ्या मूळ मुद्रणातून मी हाताने श्वास परत जोडतेय, एकेक करून. जे कापताना सरळ वाटलं होतं ते आता जोडताना कुठे काय होतं ते आठवत नाही.

१५ ऑगस्ट, मंगळवार

शांत. कायलाच्या वेळी काही येत नाही. गाबेसच्या मुली चिडल्या होत्या, निवळल्या. सी शेदलींचं म्हणणं, आता सगळ्यांची नव्याने हजेरी घ्यायची. जो ओ देईल तो आत, जो देणार नाही त्याची चावी बाहेर. मग तो कुणी असो, कितीही लाडका असो. मी पाठिंबा दिला. आपण चाळीस आहोत की पंधरा, ते एकदा कळू दे. पंधरा असलो तर पंधरांनी पेलेल एवढंच ठेवू. हे आधी मला भ्याडपणाचं वाटायचं. आता वाटतं, राखणं म्हणजेच हे.

आणि हो, पेन ड्राइव्ह आणला! झग्याला आतून खिसा शिवला. चावी लॅपटॉपवरून काढून त्यात ठेवली. सी शेदलींना कळवलं तर म्हणाले, "शेवटी!"

२२ ऑगस्ट, मंगळवार

नवी हजेरी. जेवण झालं, झडपा ओढल्या, डोळा लागला. उठून खिशातला पेन ड्राइव्ह काढला आणि 'हानी' लिहायला बसले.

माझं 'हानी' मी लिहायच्या आधीच आलेलं आहे. कायलाच्या वेळी. सही मी तीनदा तपासली. बरोबर आहे.